परतीचे पाहुणे: ठाणे खाडी आणि कोकण किनाऱ्यावर एप्रिल-मेमधले पाणपक्षी कसे पाहावेत

खाजणकाठ

डिसेंबर-जानेवारीत खाडीवर गर्दी असते. रोहित (फ्लेमिंगो) बघायला बसेस येतात, पक्षीगणना होते, फोटो फिरतात. मार्च संपला की उन्हाच्या नावाखाली दुर्बिणी कपाटात जातात. खाडीचे खरे बघण्यासारखे सहा आठवडे मात्र त्यानंतरच सुरू होतात, साधारण २५ मार्च ते १० मे. हिवाळाभर राखाडी, मातकट, एकसारखे दिसणारे तुतारी (सँडपायपर) आणि चिखल्या (प्लोव्हर) आता विणीच्या पिसाऱ्यात येतात आणि पोट भरून उत्तरेला निघतात. हिवाळ्यात ज्यांची ओळख पटवताना डोकं फिरतं, ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दहा सेकंदांत ओळखू येतात.

या धाग्यावर फक्त कामाची माहिती एकत्र करावी: कधी जायचं, कुठल्या भरतीला, कुठे उभं राहायचं, काय मोजायचं, काय चुकतं. ठाणे खाडीच्या पूर्व काठावरून (ऐरोली ते वाशी) मी सुरुवात करतो. उरण, अलिबाग, रत्नागिरी, गोव्याकडच्यांनी आपापलं लिहावं.

पहिली गोष्ट भरती. पक्षी घड्याळ पाळत नाहीत, पाणी पाळतात. ओहोटीला चिखल दोन-तीन किलोमीटर उघडा पडतो आणि थवे त्यावर विखुरतात, तेव्हा काठावरून नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की तेच पक्षी मागे सरकत तुमच्याकडे येतात. पूर्ण भरतीच्या अडीच तास आधी पोहोचा आणि भरती झाल्यावर अर्धा तास थांबा. या तीन तासांत जे दिसतं ते बाकीच्या दिवसभरात दिसत नाही.

मोबाइलवर भरतीचा तक्ता असतोच, पण आपल्याकडचा जुना हिशेब महिन्याचं नियोजन करायला अजूनही सगळ्यात सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी पुढची भरती. यात पाऊण-एक तासाची चूक राहू शकते आणि अष्टमीच्या आसपास ती जास्त असते, म्हणून ऐन दिवशी तक्ता बघावा.

या हिशेबातून एक फार कामाची गोष्ट निघते. सकाळी पक्षी बघायचे तर द्वादशी ते चतुर्दशी हे तीन दिवस सर्वांत चांगले. भरती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येते, उधाण जवळ आल्यामुळे पाणी पुरेसं चढतं आणि साडेसहा-सातला पोहोचलं की ऊन तापायच्या आत काम होतं. शुद्ध आणि वद्य धरून महिन्यात असे सहा दिवस मिळतात. अष्टमीला भरती सकाळी सहाला असते खरी, पण ती भांगाची, म्हणजे कमी उंचीची. चिखल पूर्ण बुडत नाही आणि पक्षी लांबच राहतात.

---

तिवरवन

फार गरजेचा धागा. पाऊणपटीला एक पुरवणी: त्यातून वेळ कळते, उंची कळत नाही. उंचीसाठी तक्ताच हवा, आणि तो आकडा बहुतेक वेळा मुंबईच्या अपोलो बंदरचा असतो. खाडी २६ किलोमीटर आत गेलेली आहे, त्यामुळे ऐरोलीला पाणी तक्त्यातल्या वेळेपेक्षा उशिरा चढतं.

आपल्या जागेचा फरक स्वतः काढा, दोन फेऱ्यांत निघतो. बांधाच्या दगडावर किंवा पुलाच्या खांबावर सहज दिसणारी एक खूण ठरवा. पाणी त्या खुणेला लागलं ती वेळ, आणि चढायचं थांबलं ती वेळ लिहून ठेवा. शेजारी तक्त्यातली वेळ आणि उंची मांडा. पाच-सहा नोंदी झाल्या की दोन आकडे हातात येतात: किती मिनिटांचा फरक, आणि किती मीटरच्या भरतीला समोरचा चिखल पूर्ण बुडतो. दुसरा आकडा सोन्यासारखा. त्याच्या खालची भरती असेल तर पक्षी चिखलाच्या कडेलाच थांबतात. वरची असेल तर उठून मिठागरात, पाणथळ शेतात किंवा बांधावर जाऊन बसतात. खालची भरती असेल त्या दिवशी खाडीकाठी उभं राहायचं, वरची असेल त्या दिवशी मिठागराशी. हे न कळल्यामुळे कितीतरी जण "आज काहीच नव्हतं" म्हणत घरी जातात, आणि त्याच वेळी हजारभर पक्षी पाठीमागच्या आगरात झोपलेले असतात.

---

नवा_निरीक्षक

मी भांडुपच्या बाजूला राहतो. सकाळी गेलो तर सगळे पक्षी काळे दिसतात. स्कोप कमी पडतोय का? ८×४२ दुर्बीण आहे, स्कोप उसना आणला होता.

---

खाजणकाठ

@नवा_निरीक्षक, स्कोप चांगला आहे, दिशा उलटी आहे. शिवडी, भांडुप हा पश्चिम काठ. सकाळी तुम्ही पूर्वेला तोंड करून उभे असता आणि सूर्य समोर असतो. पश्चिम काठावर दुपारी साडेतीननंतर जा, पूर्व काठावर सकाळी. तिथीच्या हिशेबाने पश्चिम काठासाठी पंचमी-षष्ठीची दुपारची भरती सोयीची, पावणेचार ते साडेचारच्या दरम्यान येणारी. उंची मात्र आधी तपासा, कारण ती भांगाकडे झुकलेली असते. भांडुप उदंचन (पंपिंग) केंद्राच्या बाजूने आत जायचं असेल तर प्रवेशाची चौकशी आधी करून ठेवा.

स्कोपबद्दल दोन गोष्टी. एप्रिलमध्ये साडेनऊनंतर चिखलावरून गरम हवा उकळू लागते आणि ६० पटीवर पक्षी पाण्यात बुडाल्यासारखा हलतो. तेव्हा २५-३० पटीवर थांबा. पट वाढवल्याने तपशील वाढत नाही, थरथर वाढते. आणि चिखलावरून बघण्यापेक्षा पाण्यावरून बघा, पाण्यावर थरथर कमी असते. ट्रायपॉडचे पाय अर्धेच उघडून बसून बघितलं तर वाऱ्याने हलत नाही आणि पक्षीही कमी बिचकतात.

---

शेकाट्या_उरण

आता पक्ष्यांकडे येऊ. कोण कधी, याचा साधारण क्रम लिहितो.

सगळ्यात आधी कुरव (गल) बदलतात. पल्लासचा कुरव फेब्रुवारीतच काळं डोकं चढवतो. तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव मार्चभर बदलत राहतात आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बहुतेक निघून जातात. त्यानंतर ब्लॅक-टेल्ड गॉडविट. मार्चमध्ये मान आणि छाती विटकरी होऊ लागते आणि हिवाळ्यातले हजारोंचे थवे बघता बघता विरळ होतात. रफ नावाचे तुतारीही याच सुमारास जातात.

एप्रिलच्या सुरुवातीला गवताळ कडेला पिवळे धोबी गोळा होतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. हिवाळ्यात सगळे सारखे मळकट, आता एकाच थव्यात काळ्या डोक्याचे, गडद राखाडी डोक्याचे आणि फिकट डोक्यावर ठळक पांढरी भुवई असलेले असे तीन प्रकारचे नर दिसतात. हे उपप्रकार वेगवेगळ्या प्रदेशांत वीण करतात. डोक्याच्या रंगाप्रमाणे वेगळे मोजले तर नोंदीची किंमत कितीतरी वाढते. भोरड्यांचे शेवटचे थवेही याच दिवसांत तिवरांवर रात्रीच्या थाऱ्याला उतरतात.

१५ एप्रिल ते १० मे हा गाभा: कर्ल्यू सँडपायपर, छोटा टिलवा (लिटल स्टिंट), सँड प्लोव्हर, टेरेक सँडपायपर, पॅसिफिक गोल्डन प्लोव्हर, ग्रे प्लोव्हर आणि मिठागरांवर घिरट्या घालणारे व्हिस्कर्ड टर्न. या सुरयांचं पोट आता गडद राखाडी, चोच लाल आणि गाल पांढरे. त्यांच्यात एखादा व्हाइट-विंग्ड टर्न मिसळलेला असतो. उडताना पंखाखाली पुढची बाजू काळीकुट्ट दिसली तर तोच.

१५ मेनंतर जे फिके, राखाडी पक्षी उरतात ते उशिरा निघालेले प्रवासी नसतात. बरेचसे पहिल्या वर्षाचे पक्षी त्या उन्हाळ्यात वीण करत नाहीत आणि इथेच राहतात. पिसारा न पाहता "२८ मेला स्थलांतर सुरू" असं लिहिलं की चुकीची नोंद कायमची बसते. उशिराच्या प्रत्येक नोंदीत पिसारा लिहाच.

---

तुतारी

कर्ल्यू सँडपायपरवर जरा थांबते, कारण एप्रिलमधल्या खाडीचा हाच राजा आहे.

मार्चअखेर पाठीवर एक-दोन गडद पिसं उगवतात आणि पोटावर तांबडे ठिपके येतात, जुन्या गोधडीला ठिगळं लावल्यासारखे. दहा-बारा दिवसांत ठिगळं जुळत जातात, पण पक्षी अजून पूर्ण लाल वाटत नाही. त्याचं कारण असं की नव्या तांबड्या पिसाच्या टोकाला बारीक पांढरी किनार असते. सगळी पिसं आली तरी त्या किनारींमुळे वरून पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. मग किनारी झिजतात आणि खालचा विटकरी रंग उघडा पडतो. म्हणजे शेवटचा रंग नवं पीस येऊन येत नाही, असलेलं पीस झिजून येतो. मेच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण लाल नराला सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. डोळ्याभोवती आणि चोचीच्या मुळाशी थोडं पांढरं, बाकी भाजलेल्या विटेसारखा. हा पक्षी सायबेरियाच्या आर्क्टिक टुंड्रात वीण करतो. २०२४ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत त्याला असुरक्षित गटात टाकलं, ग्रे प्लोव्हरलाही. त्यामुळे आपल्या छोट्या जागेवरचा आकडासुद्धा आता महत्त्वाचा आहे.

मादी किंचित फिकी, पोटावर पांढरे पट्टे जास्त आणि चोच लांब. डनलिनशी गोंधळ झाला तर पक्षी उडेपर्यंत थांबा. कर्ल्यू सँडपायपरची शेपटीवरची बाजू सलग पांढरी, डनलिनची मधोमध काळी. विणीच्या पिसाऱ्यात तर प्रश्नच नाही, डनलिनच्या पोटावर काळा डाग असतो.

छोट्या टिलव्याबद्दल एक सूचना. एप्रिलमध्ये त्याच्या छातीच्या बाजू आणि चेहरा तांबूस होतात, आणि दर वर्षी कुणीतरी "रेड-नेक्ड स्टिंट!" म्हणून फोटो टाकतं. गळा बघा. छोट्या टिलव्याचा गळा पांढरा राहतो आणि तांबूस भागात गडद ठिपके असतात. रेड-नेक्डचा गळाच लाल असतो, एकसंध, ठिपक्यांविना. पाठीवर दुधी रंगाचा स्पष्ट इंग्रजी व्हीचा आकार असेल तर तो आपला नेहमीचा टिलवा. पाय पिवळसर आणि पाठ साधी असेल तर टेमिंक्स स्टिंट. तो चिखलात कमी, गोड्या पाण्याच्या कडेला जास्त.

---

आगरवाट

सँड प्लोव्हरचं कुणीतरी नीट लिहा. जुन्या पुस्तकात लेसर आणि ग्रेटर असे दोन होते. आता ईबर्ड (पक्षीनोंदींचं ऑनलाइन संकेतस्थळ) तिसरंच नाव दाखवतं.

---

शेकाट्या_उरण

ईबर्डच्या २०२३ च्या यादीत लेसर सँड प्लोव्हरचे दोन पक्षी झाले, तिबेटन आणि सायबेरियन. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा नेहमीचा तो तिबेटन. हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर वीण करतो. म्हणजे मेमध्ये चिखलावरून उठलेला हा चिखल्या काही आठवड्यांत लडाख-तिबेटसारख्या उंचीवर असतो.

एप्रिलमध्ये नर बघा. तिबेटनचं कपाळ काळं असतं आणि डोळ्यावरचा काळा पट्टा त्याला मिळतो. पांढरा गळा आणि केशरी छाती यांच्यामध्ये काळी रेघ नसते. सायबेरियनच्या कपाळावर पांढरे डाग आणि गळ्याखाली बारीक काळी रेघ. रेघ दिसली तर फोटो घ्या, आपल्याकडे ती मोठी नोंद ठरेल.

ग्रेटरसाठी रंगावर जाऊ नका, मापावर जा. चोचीची लांबी मनातल्या मनात उचलून चोचीच्या मुळापासून मागे ठेवा. ती डोळ्याच्या मागच्या कडेच्या पलीकडे गेली तर ग्रेटर, डोळ्यापाशीच संपली तर तिबेटन. ग्रेटरचे पाय लांब, हिरवट-पिवळसर, आणि उडताना बोटं शेपटीबाहेर दिसतात. छातीवरचा केशरी पट्टा ग्रेटरमध्ये अरुंद असतो.

यात चुकतं कुठे: पाय चिखलाने माखलेले असतात, तेव्हा पायाचा रंग पुरावा म्हणून धरू नका. पक्षी थोडा तिरका असेल तर चोच आखूड भासते, म्हणून पूर्ण बाजूने दिसेपर्यंत थांबा. आणि एकटा पक्षी बघून आकार ठरवू नका, शेजारी दुसरी कुठली तरी जात हवी. खात्री नसेल तर ईबर्डवर दोन्ही नावं जोडलेला पर्याय आहे, तो वापरा. ओढूनताणून नाव दिलेल्या दहा नोंदींपेक्षा ही एक नोंद प्रामाणिक.

---

आगरवाट

आभार, चोच उचलून मागे ठेवायची युक्ती लगेच वापरतो. मिठागरांबद्दल मी लिहितो.

भरतीच्या वेळी पक्षी आगरात येतात ते फक्त झोपायला नव्हे. खाडीचा चिखल बुडाल्यावर तिथे खायलाही मिळतं, पण पाणी किती आहे यावर कोण येणार ते ठरतं. दोन-तीन सेंटीमीटर पाणी असेल तर छोटे टिलवे आणि चिखल्या. चार-पाच असेल तर कर्ल्यू सँडपायपर पोटापर्यंत उतरून चोच खुपसतात. दहाच्या आसपास गॉडविट. पंधराच्या वर फक्त शेकाट्या (स्टिल्ट) आणि रोहित, आणि पोहू शकणारा उचाट्या (अ‍ॅव्होसेट). एकाच आगरात उतार असेल तर सगळे एका वेळी मिळतात.

म्हणून प्रत्येक भेटीत पाण्याची खोली लिहा. आगर चालवणाऱ्यांना विचारून एक बांबूची काठी रोवा. तिच्यावर दर पाच सेंटीमीटरला रंगाचा पट्टा मारा, पांढरा-लाल आळीपाळीने, म्हणजे बांधावरून दुर्बिणीने आकडा वाचता येतो. पंधरा-वीस भेटी झाल्या की पाणी आणि पक्षी यांचा मेळ डोळ्यांसमोर येतो.

बिघडतं ते दोन प्रकारे. उघाडी (बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची वाट) गाळाने किंवा मुद्दाम टाकलेल्या भरावाने बंद झाली की भरतीचं पाणी आत येत नाही. एप्रिलच्या उन्हात तळ तडकतो आणि ऐन परतीच्या वेळी पक्ष्यांना भरतीचा थारा उरत नाही. किंवा उलट, उघाडी बाहेर जाऊ देत नाही, पाणी साचून अर्धा मीटर होतं. तेव्हा पाणी भरपूर दिसतं, लोकांना वाटतं पाणथळ जागा छान आहे, आणि तुतारी एकही नसते. बाहेरून हिरवी-निळी दिसणारी जागा छोट्या पायांच्या पक्ष्यांसाठी मेलेली असू शकते. उघाडी बंद दिसली तर तारीख, भरतीची उंची आणि आतलं-बाहेरचं पाणी एका चौकटीत येईल असा फोटो काढून ठेवा. तक्रार द्यायची झाली तर हाच पुरावा चालतो. नुसतं "पक्षी कमी झाले" चालत नाही.

---

मोरजीकिनारा

गोव्याहून. आमच्याकडे चिखलापेक्षा वाळू जास्त. मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी कुरव, सुरय आणि सँड प्लोव्हर एकत्र बसतात. नियम तोच, पण उलटा: वाळूवरचा थारा भरतीला लहान होतो आणि लोकांचीही चालायची जागा तीच उरते. एक माणूस कडेने चालत गेला की सगळा थवा उठतो. त्यामुळे आम्ही सूर्योदयाला पोहोचतो आणि आठला आवरतो. सँडरलिंगसाठी वाळूच हवी. लाटेच्या मागे धावणारे, एप्रिलमध्ये डोकं-गळा तांबूस झालेले. तांबूस पाहून त्यांना टिलवा समजू नका. आकार मोठा, चोच जाड, आणि मागचं बोट नसतं.

---

आक्षीवाट

अलिबागजवळ आक्षीचीही तीच गत. ऑयस्टरकॅचर, टर्नस्टोन आणि नशिबाने ग्रेट नॉट. शनिवार-रविवारी वाळूवर गाड्या येतात, म्हणून मधल्या वारी जावं. ग्रेट नॉटच्या नावाखाली हिवाळ्यात ग्रे प्लोव्हरही खपवले जातात. आखूड, जाड चोच आणि उडताना काखेत काळा डाग असेल तर ग्रे प्लोव्हर. ग्रेट नॉटची चोच डोक्यापेक्षा लांब, टोकाशी किंचित वाकलेली, आणि एप्रिलमध्ये छातीवर दाट काळे डाग. डागांनी छाती भरून गेल्यासारखी दिसते.

---

नवा_निरीक्षक

पक्षी उठू नयेत म्हणून किती अंतर ठेवायचं? १०० मीटर पुरे?

---

तुतारी

मीटरपेक्षा पक्ष्याकडे बघून ठरवा. झोपलेला पक्षी चोच पाठीतून बाहेर काढतो, ही पहिली खूण. मान ताठ करतो, ही दुसरी. थव्याच्या कडेचे पक्षी चालू लागतात, ही तिसरी. पहिल्या खुणेला थांबा, दुसरीला मागे या. तिसरी दिसली म्हणजे उशीर झाला. मोठे पक्षी आधी बिचकतात. कर्ल्यू आणि व्हिंब्रेल दोनशे मीटरवरूनही उठतात आणि त्यांच्या ओरडण्याने सगळा थवा उठतो. मिश्र थवा असेल तर कर्ल्यूच्या सोयीने अंतर ठेवायचं.

एप्रिलमध्ये हे जास्त जपायला हवं. पक्षी या दिवसांत चरबी साठवतात, आणि त्याच चरबीवर न थांबता हजारो किलोमीटर उडतात. पूर्ण भरलेला पक्षी गळ्याखालून शेपटीपर्यंत गोलसर दिसतो, शेपटीखाली फुगवटा येतो. भरतीच्या थाऱ्यावरून त्याला चार वेळा उठवलं तर साठवलेलं तिथेच जळतं. उडत्या थव्याच्या फोटोसाठी टाळ्या वाजवणं, ड्रोन उडवणं, बांधावरून पळणं हे मला अजिबात मान्य नाही, आणि असे फोटो आपल्या गटांत शेअर होऊ देऊ नयेत.

बांधावर उभं राहायचं झालं तर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभं राहू नका, तिवराची झुडपं पाठीशी ठेवा. मातकट रंगाचे कपडे. आणि भरतीआधी जाऊन जागा धरा. पक्षी नंतर येतात तेव्हा तुम्ही आधीपासून तिथेच असता आणि ते तुम्हाला गृहीत धरतात. पक्षी बसल्यावर जवळ जाणं म्हणजे त्यांना उठवणंच.

---

तिवरवन

मोजणीवर लिहायचं राहिलंय. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते, त्यामुळे परतीच्या प्रवासातल्या नोंदी फार कमी आहेत. हे काम आपल्यासारख्यांनीच करायचं आहे.

रीत साधी. एकाच जागी उभं राहून, तासाभराच्या आत, एक यादी. भरती बदलली की नवी यादी. चालत-चालत तीन तासांची यादी केली तर तेच पक्षी दोनदा येतात. आधी पूर्ण थव्याचा आकडा: दहा पक्षी मोजा, दहाचा गठ्ठा डोळ्यात बसवा, तो थव्यावर सरकवत न्या. हजाराच्या वर असेल तर पन्नासचा गठ्ठा. मग जातींचं प्रमाण: स्कोप थव्यावर सारख्या अंतराने दहा ठिकाणी थांबवा आणि प्रत्येक ठिकाणी दिसणारे सगळे पक्षी जातीप्रमाणे मोजा. कडेचे सोपे पक्षीच मोजण्याचा मोह होतो, तो टाळा. मोठे पक्षी खोल पाण्याकडे आणि छोटे कडेला बसतात, त्यामुळे कडेवरूनच मोजलं तर टिलवे फुगतात आणि गॉडविट गळतात.

पिसाऱ्यासाठी तीनच पायऱ्या ठेवा: अ म्हणजे हिवाळी, ब म्हणजे ठिगळांचा, क म्हणजे पूर्ण. वीस कर्ल्यू सँडपायपर घ्या आणि अ, ब, क किती ते लिहा. दर आठवड्याला केलं की बदल कधी आणि किती वेगाने झाला ते कागदावर दिसतं. क वाढत वाढत एकदम कमी झाले तर ते गेले. अ तेवढेच राहिले तर ते उन्हाळा काढणारे.

पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर: कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली, रंग वरून खाली कुठल्या क्रमाने, पट्टीवर अक्षरं असतील तर ती. डावा-उजवा पक्ष्याचा, बघणाऱ्याचा नव्हे. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. फोटो आणि ही माहिती बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पाठवा.

---

खाजणकाठ

छान. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो आणि ईबर्डचा ग्लोबल बिग डे, म्हणजे जगभर एकाच दिवशी पक्षी नोंदवण्याचा दिवसही, त्याच दिवशी. त्या दिवसापर्यंत आपल्याकडचे बरेचसे पक्षी निघून गेलेले असतात, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. त्याआधीचे चार आठवडे जास्त महत्त्वाचे.

आणखी एक बघण्यासारखी गोष्ट, जी फार कमी जण मुद्दाम जाऊन बघतात: निघणं. एप्रिलच्या उत्तरार्धात, भरती संध्याकाळी असेल त्या दिवशी, सूर्यास्ताच्या तासभर आधी जाऊन बसा. वीस-तीस पक्ष्यांचा गट थाऱ्यावर अस्वस्थ होतो. इतर चरत असतात, हे चरत नाहीत. पिसं साफ करतात, पंख ताणतात, एकमेकांना सारखे हाका मारतात. मग उठतात, पण नेहमीसारखे खाली राहून वळत नाहीत, चढत जातात. सैल रांग बनते, रांगेचा बाण होतो. दोन-चार पक्षी गळून परत खाली येतात, बाकीचे उत्तरेकडे बारीक होत जातात. आवाज मात्र ठिपके दिसेनासे झाल्यावरही थोडा वेळ ऐकू येतो. वेळ, जात, संख्या, दिशा, वाऱ्याची दिशा आणि परत उतरलेले किती, एवढं लिहा.

---

नवा_निरीक्षक

खूप मिळालं. सोबत काय न्यायचं ते पण सांगा, आणि चिखलात उतरावं लागतं का?

---

आगरवाट

चिखलात अजिबात उतरू नका. वरून कोरडी दिसणारी कडा मांडीपर्यंत खाते आणि भरती पाठीमागच्या नाळेतून आधी भरते, तेव्हा परतीची वाट समोरून नव्हे, मागून बंद होते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत कांदळवनात शिरायलाही परवानगी नसते. बांध आणि पक्के रस्ते एवढेच वापरा. खाडीतून बघायचं असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. तिची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी विचारून जा.

माणशी दोन लिटर पाणी, थोडं मीठ-साखर, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, स्कोपवर टाकायला पांढरा पंचा. काळी नळी उन्हात तापली की आतली हवाही थरथरते आणि चित्र बिघडतं. वही-पेन्सिल हवीच, उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही. बांधावर बसण्याआधी दगडाखाली काठी मारून घ्या, साप सावलीला असतात.

या पंधरवड्यातली द्वादशी धरा, तक्त्यात उंची बघा, पूर्व काठावर पावणेसातला उभे राहा. आधी एकच थवा घ्या आणि त्यातले फक्त कर्ल्यू सँडपायपर अ, ब, क करून मोजा. आकडे इथेच टाका, पुढच्या द्वादशीचे त्याखाली लिहू.